गळ कुठं लागलाय?

आमच्या व्हर्नमामाला नदीवर कुणी आडनावानं ओळखत नाही. व्हर्नन पाचोल्स्की म्हटलं तर लोक म्हणतील, कोण बुवा? पण ‘गळ कुठं लागलाय’ विचारणारा म्हातारा म्हटलं की मॉमी नदीच्या कुठल्याही काठावरचा माणूस बोट दाखवेल. तो काय, नदीतल्या बेटाच्या टोकाशी, कमरेएवढ्या पाण्यात, लाल लोकरी टोपीवाला.

मार्च सरत आला की ईरी सरोवरातले वॉलआय मासे अंडी घालायला नदी चढून येतात आणि त्यांच्या पाठोपाठ अर्धं टोलेडो शहर रबरी विजारी चढवून पाण्यात उतरतं. मामा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता तेव्हाही या दिवसांत रजा टाकायचाच. निवृत्त झाल्यावर तर विचारू नका. पाणी चढलेलं असलं की तो जुन्या किल्ल्याखालच्या काठाला चिकटून उभा राहणार, कारण जोराच्या ओघाला कंटाळलेला मासा कडेच्या संथ पाण्यातून वर सरकतो. पाणी उतरलं की बेटाचं टोक, जिथं ओघाला दोन फाटे फुटतात आणि तळाला बारीक खडी आहे. गढूळ पाण्यात गळाला भडक नारिंगी रबरी शेपटी, नितळ पाण्यात पांढरी. दोरीला वजन म्हणून लावायचं शिसं असं निवडायचं की ते तळाच्या खडीवर टकटक करत वाहत गेलं पाहिजे. जड झालं की अडकतं, हलकं झालं की माशाच्या डोक्यावरून जातं.

“टकटक थांबली की श्वास धरायचा आणि काठी नुसती उचलायची,” तो मला शिकवताना म्हणाला होता. “झटका मारायचा नाही, टेरेसा. झटका मारतो तो चोर.”

त्याचं कारण असं की या दिवसांत हा मासा भुकेनं खात नाही, वैतागून चावतो. (मामाचंही तसंच आहे, पण ते जाऊ दे.) आणि नदीत त्यांची इतकी दाटी असते की जोरजोरात झटके देत राहिलं तर गळ पोटात, पोहण्याच्या पराखाली, शेपटीत, कुठंही रुततो. असा बाहेरून अडकलेला मासा लगेच सोडून द्यायचा, हा नियम. नियम सरकारचा आहेच, पण आमच्या घरात तो आजोबांचा आहे. आजोबा पोलंडहून आले तेव्हा त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, एवढी एक ऐट होती. ताटात मासा आला की ते आधी विचारायचे, “तोंडात होता ना?” हो म्हटल्याशिवाय काट्याला हात लावायचे नाहीत.

मामानं घरचा हा नियम पाण्यात ओळीनं उभ्या राहणाऱ्या सगळ्या रांगेच्या गळ्यात बांधला. मासा जाळीत आला की पकडणाऱ्यानं मोठ्यानं “तोंडात!” म्हणायचं, नाहीतर सोडून द्यायचा. कुणी गप्प राहिला की चार माणसांपलीकडून मामाचा आवाज यायचा, “गळ कुठं लागलाय?” लोक त्याला नावं ठेवायचे, पादरीबुवा म्हणायचे, पण तो सांगायचा तसं करायचे. मला तर त्याचा अभिमानच वाटायचा. थोडी लाजही वाटायची, खोटं का बोलू.

लाज वाटायची ती ओटिस हॅन्लीसारख्या माणसांपायी. ओटिस शाळेची बस चालवतो, थोराड, अबोल. तीन वसंतांपूर्वी तो पहिल्यांदा नदीवर आला, वारलेल्या बापाची जुनी काठी घेऊन. दिवसभर काही लागलं नाही. शेवटी एक मासा आला आणि ओटिसनं तो आनंदानं दोन्ही हातांनी वर धरला. गळ शेपटीशी होता.

“गळ कुठं लागलाय?” मामा ओरडला. आणि तेवढ्यावर थांबला नाही. “सगळ्यांना दाखव की जरा. शेपटीनं खाणारा वॉलआय! बसचं सुकाणू पण मागूनच धरतोस काय रे?”

अख्खी रांग हसली. ओटिसनं मासा सोडला, दोर गुंडाळला आणि काठावर आला. दुसऱ्या दिवशी मात्र तो परत आला आणि नेमका मामाच्या शेजारी, ओघाच्या खालच्या अंगाला उभा राहिला. तेव्हापासून ती त्याची जागा. आमच्याकडे खालच्या अंगाचा शेजारी तुमचा मासा जाळीत घेतो, म्हणजे मामाचे मासे ओटिसच्याच जाळीत जायचे. दोघांत फार बोलणं मात्र कधी झालं नाही.

आता गेल्या वर्षीच्या गुड फ्रायडेचं सांगते; त्या दिवशी आमच्यात मांस वर्ज्य, ताटात मासाच लागतो. हंगामातला पहिला मासा मामा माझ्या आईला, त्याच्या थोरल्या बहिणीला आणून देतो. आजोबा गेल्यापासून त्यात खंड नाही. आई चौऱ्याऐंशीची, दिसायला कमी, जिभेला पूर्वीइतकीच धार. त्या वर्षी पाऊस सारखा, नदी कॉफीसारखी, आणि मामाच्या बोटांत संधिवात शिरला होता. शिसं खडीवर टकटकतंय की आपलीच नाडी उडतेय ते त्याला कळेनासं झालं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. गुड फ्रायडे आला तरी मासा नाही.

“दुकानातून आण रे,” आदल्या दिवशी आई म्हणाली. “मी काय गळाची खूण शोधणार आहे?”

“उद्या आणतो, ताई,” मामा म्हणाला. एवढंच.

सकाळी मी कॉफीचा थर्मास घेऊन काठावर बसले होते. रांगेत इतरांना मासे लागत होते, मामाला नाही. तो झटके देत होता. मला दिसलं ते, पण मनात म्हटलं, हात दुखत असेल. मग त्याची काठी एकदम वाकली आणि मासा आडवा पळाला. तोंडात अडकलेला मासा डोकं हलवतो. बाहेरून अडकलेला आडवा ओढतो. रांगेतल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, पण दोरी मामाची होती, म्हणून कुणाच्या मनातही आलं नाही. सगळ्यांनी आपापले दोर गुंडाळून वाट करून दिली. ओटिसनं जाळी खाली घातली.

मामा रांगेकडे पाठ करून जाळीवर वाकला. वेळ लागला जरा. मग हात वर करून म्हणाला, “तोंडात!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ओटिस तेवढा रिकामी जाळी हातात धरून उभा होता.

थोड्या वेळानं मामा मासा घेऊन काठावर आला, तर नदीवरची तपासणी अधिकारी बाई तिथंच होती. तरुण पोरगी, मामाला ओळखणारी. दोरीत ओवलेला मासा तिनं सहज उचलून पाहिला. छातीच्या पराखाली फाटलं होतं आणि रक्त येत होतं.

“हे काय हो, व्हर्नन?”

मामाचं तोंड उघडलं. आवाज आला तो पाठीमागून.

“माझ्या जाळीची तार तुटलीय,” ओटिस पाण्यातून वर येत म्हणाला. “ती लागली. जाळीत मीच घेतला, मॅडम. गळ तोंडात होता.”

“तुमचा मासा मी तपासायचा म्हणजे कमालच,” ती मामाला हसून म्हणाली आणि पुढं गेली.

मामा मासा घेऊन गाडीकडे वळला. मी म्हटलं, “ओटिस, नवी जाळी घे बाबा.” तो “हो” म्हणाला.

दुपारी मी मासा पिठात घोळवून लोण्यात तळला. सोबत राईचा पाव आणि बीटाची झणझणीत कोशिंबीर. आई जेवायला बसली. आजोबांचं विचारणं तिनं कधीच सोडून दिलं होतं, तिचा भावावर विश्वास होता. अर्धी तुकडी संपली तेव्हा तिच्या लक्षात आलं की मामानं ताटाला हात लावलेला नाही.

“काय रे, खात का नाहीस?”

“ताई, तोंडात नव्हता.”

मी तव्याशी होते, तिथंच उभी राहिले. मामानं मग सगळं सांगितलं, ताटाकडे बघत, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा. झटके, पराखालचा गळ, ओटिसचं खोटं. चेहरा बिटासारखा लाल झाला होता. सत्तरीचा माणूस, पण मला त्याच्याकडे बघवेना.

आईनं काटा खाली ठेवला. “आधी सांगायचंस. मी खाऊन बसले ना अर्धा.”

“ताई...”

“लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,” ती म्हणाली. “आणि त्या बसवाल्याला खोटं बोलायला लावलंस. ते मासा खाण्याहून वाईट.”

दुसऱ्या सकाळी मामा उजाडताच नदीवर गेला. मी मागोमाग गेले, त्याला छातीचं दुखणं आहे म्हणून, आणि खरं म्हणजे मला बघायचं होतं. रांग भरलेली होती. मामा पाण्यात उतरला, काठी न घेता, आणि मोठ्यानं म्हणाला, “ऐका. कालचा माझा मासा तोंडात नव्हता. पराखाली होता. मी खोटं बोललो.”

सगळ्या माना वळल्या. मग वरच्या अंगाचा एक जण हसला. “ओटिसच्या जाळीचं पाप स्वतःवर घेतोय बघा म्हातारा.”

“पादरीबुवा, एवढं नका मनाला लावून घेऊ,” दुसरा म्हणाला.

“अरे, खरं सांगतोय मी.”

“हो हो, आणि मी पोप आहे.”

सगळे हसत होते, प्रेमानं. कालच्यापेक्षा आज त्यांच्या नजरेत मामा वरच चढला होता, आणि त्याला तिथून खाली उतरता येईना. त्यानं ओटिसकडे पाहिलं. रांगेत तेवढा एकच माणूस हसत नव्हता.

“तू का बोललास तसं?” मामानं हळू विचारलं.

ओटिस दोर गुंडाळत राहिला. “त्या वर्षी तुम्ही सगळे हसलात ना, तेव्हा मी घरी जाऊन जेवलो नव्हतो. बाबांची काठी गाडीतून काढली सुद्धा नाही. म्हटलं, या वयात तुमचं तसं नको.”

तेवढ्यात खालच्या बाजूच्या एका पोरानं मासा वर धरला आणि हाक दिली, “व्हर्न, बघा हो, तोंडाच्या कडेला आहे. चालेल का?”

सगळी रांग मामाकडे बघू लागली. मामानं मान खाली घातली.

“ओटिसला विचार,” तो म्हणाला.

तेव्हापासून मामा विचारत नाही. नदीवर येतो, पण काठी आणत नाही. ओटिसच्या खालच्या अंगाला उभा राहून त्याचे मासे जाळीत घेतो. नवी माणसं त्याला अजून मान देतात, तेव्हा तो टोपी डोळ्यांवर ओढतो.

यंदा गुड फ्रायडेला पहिला मासा ओटिस घेऊन आला. आईनं त्याला मामाशेजारी बसवलं. ताट समोर आल्यावर ती कित्येक वर्षांनी आजोबांसारखं बोलली.

“तोंडात होता ना?”

“हो, मावशी,” ओटिस म्हणाला. “यांच्याच जाळीत आला.”

आईनं स्वतःच्या आधी पहिली तुकडी उचलली आणि चाचपडत मामाच्या ताटात वाढली.

“खा रे,” ती म्हणाली. “हा खाण्यासारखा आहे.”

मामानं खाल्ला. सगळा खाल्ला, काटे बाजूला ठेवत, सावकाश. पण जेवण संपेपर्यंत त्याची मान काही वर आली नाही.