झाकण तेवढं राहिलं

माझ्या सासूबाई शांताक्का कानडी मुलखातल्या, आळंदकडच्या. लग्न होऊन धाराशिवला आल्या तेव्हा मराठी कळायचं, बोलायला जड जायचं. घरात कन्नड बोलणारं कोणी नव्हतं. मामंजी माणिकप्पा तर म्हणायचे, "हिचं बोलणं म्हंजे डब्यात खडे घालून हलवावं तसं."

भिंतीपलीकडं निजामाच्या कचेरीतले पेशकार राहायचे. त्यांची बायको बिल्किसबी गुलबर्ग्याची, तिला कन्नड चांगलं यायचं. रोज दुपारी भिंतीवरून पहिला प्रश्न ठरलेला, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. मग तासभर दोघींचं चालायचं. मी सून होऊन आले तेव्हा सासूबाईंना मोकळं हसताना पाहिलं ते त्या भिंतीपाशीच.

पेशकारांनी हैदराबादेत कुण्या गोऱ्या साहेबाच्या सामानातून चांदीचं वाढायचं भांडं घेतलं होतं. लांबट, जड, झाकणाला डाळिंबाच्या कळीसारखी मूठ, बुडाशी बारीक सिंह उमटवलेला. दर ईदला त्यातून आमच्याकडं साखर, खारीक, खोबरं यायचं. त्यांच्या घरचं शिजवलेलं आमच्यात चालत नाही हे तिला ठाऊक, म्हणून सगळं कोरं. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून सासूबाई शेंगांचे लाडू भरून पाठवायच्या.

अठ्ठेचाळीस साली ईद श्रावणात आली. भांडं आलं, पण गावात रझाकारांची धास्ती. मामंजी कुणाला बाहेर पडू देईनात. भिंतीवरचं बोलणंही थांबलं. सासूबाई म्हणाल्या, "श्रावण सरू दे, मग देते." भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि चार दिवसांनी पलीकडच्या दाराला कुलूप दिसलं.

सासूबाईंनी भांड्यात साखर भरून ठेवली. दर अमावास्येला जुनी साखर पोरांना वाटायच्या, भांडं भस्मानं लख्ख पुसायच्या, नवी साखर भरायच्या. मामंजी म्हणायचे, "दुसऱ्याची चांदी किती दिवस राखणार?"

"भरलेलं हाय. ती येईल की."

संक्रांत झाली आणि बिल्किसबीचा भाऊ आला. ओसरीवर अवघडून बसला. "आपा बोली, भांडा शांताक्का के पास हैच. लेके आव."

"ती न्हाय आली?"

"अगले महिने सब कराची जा रहे, आक्का."

सासूबाईंनी मग विचारलं, "तिथं कन्नड बोलतात का कोणी?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

त्या आत गेल्या. भांडं पुन्हा पुसलं, शिगोशिग साखर भरली, वर खारका ठेवल्या आणि पांढऱ्या फडक्यात बांधून त्याच्यासमोर ठेवलं.

"और सरपोश?" त्यानं झाकणाचं विचारलं.

"झाकण मी देणार न्हाय. तिला सांगा, स्वतः येऊन न्यावं."

मामंजी ओरडले, "अगं, वस्तू त्यांची हाय."

"माहीत हाय मला."

त्या माणसानं मामंजींना हातानंच थांबवलं. वाकून सलाम केला आणि गाठोडं उराशी धरून निघाला. सासूबाई दारात उभ्या राहिल्या, तो वळणाआड जाईपर्यंत.

झाकण देवळीत महादेवाशेजारी असतं. कराचीहून काही आलं नाही. सोमवारी पूजा आटोपली की सासूबाई ते भस्मानं पुसतात आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणतात. मला वाटायचं मंत्र असेल. एकदा मागं उभी राहून ऐकलं.

"ऊटा आयता?" त्या विचारत होत्या.