पुतळ्याला नेसवलेली साडी

आसेगावची ज्योत्स्ना मंगरूळपीरला गुलाम नबींच्या कापड दुकानात लागली तेव्हा तिची पोरगी कडेवर होती. आता त्या पोरीची पोरगी शाळेत जाते. इतकी वर्षं दुकानाचा दर्शनी भाग तिच्याच हातात. पुतळ्यांना साड्या नेसवायच्या, मागच्या फळ्यांवर थप्प्या लावायच्या. सगळंच लखलखतं ठेवलं की गिऱ्हाइकाची नजर ठरत नाही, म्हणून ती जरीच्या शालूखाली खरबरीत सुती ठेवी, फिक्याला गडदाचा टेका देई. ट्यूबलाइटमध्ये रंग फसवतात, म्हणून साडी ओट्यावर उन्हात नेऊन बघे.

गेल्या दिवाळीपासून ऊनही कामाचं राहिलं नव्हतं. पांढरं पिवळट दिसे, गडद ते सगळं काळपट. सकाळी दर्ग्यासमोरून जाताना ती हात जोडून एवढंच म्हणे, या लग्नसराईपुरतं तरी निभाव. दुकानात मात्र कोणाला सांगितलं नाही. पुतळ्यांचं काम गेलं की मागच्या खोलीत घड्या घालायला बसवतील, आणि मग आपली गरज कितीशी, ही धास्ती होती. डोळ्यांचं काम तिनं बोटांवर टाकलं. कोणता काठ, कोणता पोत, हे बोटांना पाठ होतं.

गावातल्या तुळसाबाईच्या मुलीचं लग्न ठरलं. तिला बस्त्यासाठी या दुकानात यायचा आग्रह ज्योत्स्नानंच केला होता. त्या दिवशी तिनं मधल्या पुतळ्याला जांभळा शालू नेसवला, खांद्यावर हळदीचा पिवळा शेला सोडला. नव्या मालात तसाच काठ, तसाच पोत असलेली काळी साडी आली होती, हे बोटांना कुठून कळावं?

तुळसाबाई नवरीला आणि पाच-सहा बायकांना घेऊन आली. ओट्यावर पाय ठेवला आणि तशीच थांबली.

"काहून व ज्योत्स्ना, लग्नाच्या घरच्यायले दारातच काळं दाखवून राह्यली? एवढा राग होता तर गावातच सांगायचं होतं."

ज्योत्स्नाला आधी समजेचना काय काळं. तोवर बायका समोरच्या दुकानात शिरल्याही होत्या.

गुलाम नबींनी पुतळ्यावरची काळी साडी उतरवायला घेतली. त्यांची बायको अमीनाबी पुढे झाली. तिनं फळीवरून दोन साड्या काढल्या आणि समोर धरल्या.

"यातली जांभळी कोनती?"

ज्योत्स्नानं हात पुढे केला.

"हात नोको लावू. पाहून सांग."

ज्योत्स्ना बघत राहिली. दोन अंधार शेजारी शेजारी. खोटं सांगून एखादी दाखवता आली असती, लागलीही असती बरोबर. पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

"दोनी सारख्याच दिसतात भाबी."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

अमीनाबीनं साड्या खाली ठेवल्या. तिचा स्वतःचा मोतीबिंदू वाशीमला काढला होता. तिथला तपासणीचा वार कोणता, कोणाला भेटायचं, हे तिनं सांगितलं, सोबत येते म्हणाली. ज्योत्स्ना म्हणाली, लग्नसराई होऊन जाऊ द्या.

"लग्नं दरसाल होतात," अमीनाबी म्हणाली. "तोवर पुतळे नमरा पाहीन."

नमरा म्हणजे त्यांची सून. पुढे पुतळे परत मिळतील का, हे ज्योत्स्नानं विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. तिनं टाचण्यांची डबी नमराच्या हातात दिली, आणि निऱ्या बसत नसल्या तर आतून सुती कापडाची पट्टी घालायची, तेवढं दाखवलं.

मग गुलाम नबी म्हणाले, आज घरी जा बाई. उन्हं अजून वर होती. एरवी आसेगावच्या बसमध्ये ती दांडी धरून उभी असायची, पण या वेळेला बस रिकामी होती. ती खिडकीशी बसली, चपला काढल्या आणि गाव येईपर्यंत डोळे मिटून राहिली.