आठवं नाव

नेस्ता प्यू एकतीस वर्षं कुम हेलिगच्या ग्रामपरिषदेची चिटणीस होती, आणि एवढ्या वर्षांत गावावर एकदाही मतदानाची वेळ येऊ दिली नाही याचा तिला कोण अभिमान होता.

परिषदेच्या जागा सात. अर्ज भरायचे दिवस जवळ आले की नेस्ता घरोघरी चहाला जायची. कोणाला या खेपेला नको आहे, कोणाची सून तयार आहे, हे दुसऱ्या कपापर्यंत तिला कळलेलं असायचं. एखाद्याला उगाच आठवा व्हायची हुक्की आलीच, तर तिसऱ्या कपाला तो पुढच्या वेळेपर्यंत थांबायला कबूल व्हायचा. मग नेमके सात अर्ज एका पाकिटात घालून ती जिल्ह्याला पाठवायची. ज्याच्या मेंढ्या आपण कातरायला जातो, त्याच्याविरुद्ध उभं राहायचं म्हणजे भर चॅपलमध्ये त्याला नालायक म्हणण्यासारखंच. कुम हेलिगमध्ये असलं कोणी करत नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी चॅपलमागच्या खोलीत सभा भरायची. दाराशी नागरिकांसाठी एक बाक होतं. त्यावर सदस्य कोट ठेवायचे. नेस्ता इतिवृत्ताच्या तळाशी इमानेइतबारे लिहायची : उपस्थित नागरिक, कोणी नाही.

एका ऑक्टोबरात सीमा नव्याने आखणाऱ्या समितीचा मसुदा आला. लहान लहान परिषदा मोठ्यांत मिळवून टाकायच्या होत्या. कुम हेलिग डोंगराखालच्या पॉन्त्वेन शहरात जाणार होतं, आणि तिथल्या सोळा जागांतली एक त्याच्या वाट्याला येणार होती. कारणं दोनच ओळींत होती. तीस वर्षांत एकही लढत नाही. सभांना एकही नागरिक नाही. सबब स्थानिक लोकांना रस दिसत नाही.

"पुरावा कुठून काढला म्हणे त्यांनी?" तिच्या नवऱ्याने, एम्रिसने, बूट काढता काढता विचारलं.

"माझ्या इतिवृत्तांतून."

"मग चोख असणार," एम्रिस म्हणाला.

नेस्ताला हसू आलं नाही. फुलांच्या रविवारी गाव टेकडीवरच्या दफनभूमीत जातं, थडगी घासतं, डॅफोडिल ठेवतं. त्याच्या आदल्या आठवड्यात परिषद तिथलं गवत कापून घेते. पॉन्त्वेनवाले वर्षातून दोनदा कापतात, त्यांना सवड होईल तेव्हा. तिचे आईवडील त्या टेकडीवर होते. ते गुडघाभर गवतात पडून राहतील, या कल्पनेनेच तिचा जीव कासावीस झाला. आणि हे सगळं आपल्या चहामुळे झालं, हे तर तिला गिळताच येईना.

अंतिम अहवालाआधी मे महिन्यातली निवडणूक होती. नेस्ता पुन्हा घरोघरी फिरली, पण या खेपेला आठवं नाव शोधत.

"आठवा म्हणजे कोणाच्या विरुद्ध?" प्रत्येक घरात हाच प्रश्न.

"कोणाच्या नाही. नुसता आठवा."

"असं कसं? कोणीतरी पडणारच की!" लोक म्हणायचे, आणि मनुक्यांच्या पावाची बशी तिच्यापुढे सरकवायचे. एकतीस वर्षं तिने हेच तर शिकवलं होतं.

शेवटी एकच माणूस उरलं. पण पगारी चिटणिसाला उभं राहता येत नाही. मार्चमध्ये नेस्ताने राजीनामा लिहिला, कपाटाच्या किल्ल्या अध्यक्षांच्या हातात दिल्या आणि आठवा अर्ज स्वतःच्या नावाने भरला. ज्या दिवशी यादी लागली, त्या दिवशी इवोर ब्रिन काठी टेकत तिच्या दारात आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा मेंढपाळ सव्वीस वर्षं सदस्य होता.

"पोरी, माझं काय चुकलं ते तरी सांग."

"तुमचं काही चुकलं नाही, इवोर. मतदान व्हायला हवं, एवढंच."

"माझ्या बायकोच्या दफनाला दुधाचा चहा तूच केला होतास ना?"

"मीच. आत या, आताही करते."

तो आत आला नाही. दोन रविवार चॅपलमध्ये तो नेहमीच्या जागी, तिच्या बाकावर, बसला नाही. तिला ते फार लागलं, पण अर्ज मागे घ्यायची मुदत तिने उलटू दिली.

मतदानाच्या दिवशी चॅपलमागच्या खोलीत पेटी आली. लोक रांगेत खाली माना घालून उभे होते, दवाखान्यात उभे राहतात तसे. नेस्ता पडद्याआड गेली, दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली, आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की या परिषदेसाठी आपण जन्मात कधी मत दिलेलं नाही. नावं आठ, फुल्या सातच मारायच्या. कोणाला गाळायचं? एकेकाच्या स्वयंपाकघरात ती बसली होती. इवोरच्या नावाशी तर पेन्सिल थांबून राहिली. बाहेर कोणीतरी खोकलं. तिने पटापट सात फुल्या मारल्या आणि स्वतःचं नाव कोरं ठेवलं.

दोनशे बारापैकी एकशे अठ्ठेचाळीस लोकांनी मत दिलं. सातव्या क्रमांकावर इवोर ब्रिन, एक्क्याण्णव. आठव्यावर नेस्ता प्यू, नव्वद.

"तू कोणाला गाळलंस गं?" एम्रिसने विचारलं. तिने सांगितलं. "तू म्हणजे ना!" एवढंच म्हणून तो मेंढ्यांकडे गेला.

सप्टेंबरात अंतिम अहवाल आला. मे महिन्यात चुरशीची लढत झाली, सत्तर टक्के मतदान झालं, हे लक्षात घेऊन कुम हेलिगची परिषद स्वतंत्र ठेवण्यात येत आहे. नेस्ताने ती ओळ दोनदा वाचली आणि कागद पावाच्या डब्याखाली ठेवला. ती खूश होती. आणि रिकामीही झाली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या मंगळवारी सात वाजता तिने सवयीने कोट चढवला, आणि गेलीच. टेबलाशी तिच्या खुर्चीवर नवी चिटणीस बसली होती. नेस्ता दाराशी उभी राहिली. इवोर ब्रिन उठला, काठी टेकत आला, बाकावरचे सगळे कोट उचलून त्याने खिडकीत ठेवले.

"बस पोरी," तो म्हणाला.

ती बसली. नव्या चिटणीसबाईंनी इतिवृत्ताच्या तळाशी लिहिलं : उपस्थित नागरिक, एक.