मेहुणीने नापास केलेली पुस्तकं

मुलुंडपासून अंधेरीपर्यंत मुलांच्या पुस्तकांचं असं एकही दुकान नसेल, जिथला माणूस आमच्या मोठ्या मेहुणीला आत येताना पाहून जागेवरून उठत नाही. आदराने उठतो की पळायला, ते त्या त्या दुकानावर अवलंबून. ही माझ्या बायकोची थोरली बहीण, दातांची डॉक्टर. मुलुंडला तिचा दवाखाना आहे आणि तिथे ताटकळणाऱ्या पेशंटला सिनेमाची मासिकं मिळत नाहीत. मिळतात ती मुलांची पुस्तकं, तीही बहुतेक एकाच विषयाची: ही सगळी जीवसृष्टी बदलत बदलत इथवर कशी आली. तिने लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. पण मुलांना उत्क्रांती शिकवणारं पुस्तक कसं असावं, याबद्दलची तिची मतं आमच्या मालवणी घरातल्या माशांबद्दलच्या मतांइतकी कडक आहेत. माझी आई बाजारात बांगड्याचा कल्ला उचलून बघायची, तशी ही पुस्तक मधूनच उघडते आणि जिथे माणूस येतो ते पान आधी काढते. तिथे जर ते नेहमीचं चित्र असेल, म्हणजे डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा कमी वाकलेलं, आणि उजव्या टोकाला ताठ चालणारा माणूस, तर पुस्तक फटकन बंद. "ही रांग कसली? आपण काय रेशनला उभे होतो?" असं ती विचारते. "मॅडम, सगळ्याच पुस्तकांत हे चित्र असतं हो," दुकानदार काकुळतीला येतो. "म्हणून सगळी नापास!"

रांगेच्या परीक्षेत पास झालेलं पुस्तक ती दुकानात उभ्याउभ्या, मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. 'जिराफाला गरज होती म्हणून त्याची मान लांब झाली' असं एक वाक्य एकदा घाटकोपरच्या दुकानात निघालं. बाईंची उंची बेताची, काउंटरच्या पलीकडून जेमतेम चष्मा दिसतो. "मलाही लहानपणापासून गरज आहे. वाढले का मी? सांगा ना!" 'डायनोसॉर नाहीसे झाले' असं छापलेलं दिसलं की ती खिडकीबाहेरच्या एसीवर घुमणाऱ्या कबुतराकडे बोट दाखवते आणि "मग हा त्यांचा वंशज कोण बसलाय?" म्हणून विचारते. पेशंटचीही सुटका नाही. अक्कलदाढ काढण्यापूर्वी, माणसाचा जबडा लहान होत गेला आणि दाढेला जागाच कशी उरली नाही, हे ती सविस्तर सांगते. तोंड बधिर झालेलं असल्यामुळे आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

हे सगळं मी छंदात जमा केलं होतं. मग आमची सई दुसरीत गेली. सईला कान हलवता येतात. ही कला तिला माझ्याकडून आली; बायकोच्या मते दुसरं काही आलेलं नाही. एकदा तिने वर्गात मोठ्या कौतुकाने कान हलवून दाखवले. तेव्हा वेदांत नावाच्या मुलाने आपल्या गोष्टीच्या पुस्तकातलं ते रांगेचं चित्र उघडलं, मधल्या अर्धवट वाकलेल्या प्राण्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सई इथपर्यंतच आलीय. तिचा अजून माणूस व्हायचाय." वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून सई कानांवरून रुंद हेअरबँड लावू लागली, झोपतानाही काढेना. मग रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. बायको शाळेत जाऊन बाईंशी बोलली, बाई वेदांतला रागावल्या आणि चिडवणं तेवढं कुजबुजीत गेलं. "लक्ष देऊ नकोस गं," मी म्हणत राहिलो. सई शाळेचं दप्तर बघूनच रडू लागली.

रविवारी मेहुणी आमच्याकडे कांजूरमार्गला आली आणि तिने हे ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून दवाखाना बंद झाला की तिची शोधमोहीम सुरू. पिशव्या धरायला मी. बोरिवलीच्या एका दुकानात पुस्तकांचा ढीग नापास करून ती अचानक तिथल्याच खोक्यावर बसली. "काय झालं ताई? दमलीस?" मी विचारलं. म्हणाली, "चुकीच्या चित्रावर मी आजवर नुसती भांडत आले रे. मजा यायची. त्यापायी एखादं पोर शाळेत जायला घाबरेल, हे डोक्यातच आलं नव्हतं."

शेवटी अंधेरीला, सगळ्यात खालच्या फळीवर, एक बारीकसं पुस्तक सापडलं. आत दोन पानं भरून एक अस्ताव्यस्त झाड होतं. मासे, बेडूक, कावळे, माकडं, सगळे आपापल्या फांदीच्या टोकाला, आणि माणूस कुठेतरी बाजूला, त्यांच्यातलाच एक. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं. दुकानदार श्वास रोखून उभा. "आहेत तेवढ्या प्रती द्या," ती म्हणाली, आणि तो माणूस चक्क माझा हात हातात घेऊन हलवायला लागला.

सईच्या वाढदिवसाला तिने वेदांतला बोलवायला लावलं. सई त्यावरूनही रडली. केक झाल्यावर मावशीने सगळ्या पोरांना ते झाड दाखवलं. "यात पुढे कोण, मागे कोण?" कुणाला सांगता येईना. मग तिने सगळ्यांना उभं केलं. "पाठीचा कणा खाली जिथे संपतो, तिथे हात लावा. हाड लागलं? त्याला काय म्हणतात माहितीय? माकडहाड. ज्याला नाही त्याने हात वर करा." एकही हात वर गेला नाही. वेदांत बराच वेळ चाचपत होता.

"मावशी, मला पण आहे," तो हळूच म्हणाला.

"असणारच. मलाही आहे. आपल्या फार जुन्या आजी-आजोबांना शेपूट होतं, त्याची ती खूण. कान हलवायचे स्नायूही त्यांच्याकडूनच आलेले. सगळ्यांना असतात, पण सईचे अजून चालतात."

वेदांत सईकडे वळला. "ए, परत हलव ना. प्लीज!"

सईने मावशीकडे पाहिलं. मग हेअरबँड काढला आणि असे झकास कान हलवले की मलाही कधी जमले नाहीत. नंतर आमच्या हॉलभर पोरं तोंडं वेडीवाकडी करत आपापले कान हलवायला बघत होती, आणि सई कमरेवर हात ठेवून शिकवत फिरत होती. सोमवारी ती दोन घट्ट वेण्या घालून, कान उघडे टाकून शाळेत गेली.

आता सई अकरावीत आहे, कॉमर्सला. हे कळल्यावर मेहुणी म्हणाली, "चांगलं आहे. अकाउंट्स पण लागतंच ना कुणाला तरी." घरातली बाकीची भाचरंही मोठी झाली. दवाखान्यात येणारी पोरं हल्ली आईच्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. ती मात्र अजून दुकानांतून फिरते, आणि मधूनच रविवारी तिचा फोन येतो. "काय रे, तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवीन राहायला आलंय का? सात-आठ वर्षांचं मूल असलेलं? एक फार चांगलं पुस्तक मिळालंय."

"बघतो ताई," मी म्हणतो. आणि हल्ली लिफ्टमध्ये एखादं लहानगं दिसलं, की त्याच्या आईला विचारतोच, "कितवीला आहे हो?"