मक्याची धूळ आणि वासमावशी

वासमावशीच्या शेडमध्ये शिरायचं तर आधी हात पुढे करावे लागत. दारातच ती दोन्ही पंजे नाकाशी धरून हुंगायची. तंबाखू, अत्तर, डोक्याचं तेल, यातलं काही सापडलं की माणूस आल्या पावली परत. रेशमाच्या अळ्या नाजूक असतात, हे खरंच. पण मावशीचा संशय अळ्यांपुरता कधीच नव्हता. दूधवाला पाणी घालतो, भाजीवाली तराजूला अंगठा लावते आणि जावई जेवण झाल्याझाल्या झोपेचं सोंग घेतो, अशी तिची पक्की खात्री. नवरा म्हणायचा, "हिची सावली जरा मागे राहिली, तर ही तिचीही झडती घेईल." तो स्वतः मात्र मुकाट्यानं हात दाखवूनच आत जायचा.

एका माणसाचे हात तेवढे ती हुंगत नसे. कुंपणापलीकडे राहणाऱ्या धाकट्या बहिणीचे. अळ्यांनी शेवटची कात टाकली की त्यांना अशी भूक सुटते की पानं टाकून पाठ फिरवावी, तोवर नुसत्या शिरा उरतात. त्या दिवसांत धाकटी न बोलावता यायची आणि दोघी मिळून तुती तोडायच्या. दर वेळी अळ्यांचा एक ट्रे धाकटीच्या घरी जायचा. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, आणि तिला अळ्या खाताना बघत पडायला आवडायचं. "टीव्हीपेक्षा बऱ्या," म्हणायची, "भांडत तरी नाहीत."

त्या वर्षी धाकटीनं कुंपणालगत नवा मका लावला. बियाण्याच्या अंगातच असं काही घातलेलं की खोड पोखरणारी अळी तो खाऊन मरते. धाकटी खुशीत सांगत होती. मावशीच्या कानात मात्र एकच गोष्ट अडकली.

"अळी मरते?"

"खोडातली गं, ताई."

"आणि माझ्याकडे काय हत्ती आहेत?"

त्या वर्षीचा ट्रे धाकटीकडे गेला आणि मग मका फुलला. तुऱ्यांतून पिवळी धूळ उडायला लागली आणि वाऱ्यानं तुतीवर येऊन बसायला लागली. मावशीनं पानावरून बोट फिरवलं, ते पिवळं झालं. तिनं बियाणंवाल्याला गाठून विचारलं, तर तो म्हणाला, "रेशमाच्या अळ्यांचं काही ऐकलं नाही बुवा." ऐकलं नाही म्हणतो म्हणजे नक्की काहीतरी लपवतो, असं तिनं धरून टाकलं. मग ती धाकटीला म्हणाली, "तुरे छाटून टाक."

"तुरे छाटले तर कणसं भरतील कशी? आधी थोड्या अळ्यांना ती पानं घालून बघ तरी."

"माझी लेकरं काय प्रयोगाला ठेवलीत?"

अळ्या शेवटची कात टाकून जाग्या झाल्या आणि नेहमीसारखी धाकटी आली. मावशी दार अडवून उभी होती.

"हात दाखव."

धाकटीला थट्टाच वाटली. तिनं हसत हात पुढे केले. हातांना मक्याचा वास होता. शेतात मका असलेल्या बाईच्या हातांना दुसरा कसला येणार?

"आज नको," मावशी म्हणाली.

धाकटी मान खाली घालून परत गेली. मावशीला आत कुठेतरी टोचलं, पण हेही नाटकच असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

मग तिनं पानं धुवायला काढली. ओलं पान अळीला घालायचं नाही, हा तिच्या कामातला पहिला धडा. एकेक पान पुसून, पंख्याखाली वाळवूनच घालायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण नवरा तोडणार आणि ही धुणार, पुसणार, वाळवणार, पसरणार. दोन हात पुरणार किती? अळ्या उपाशी माना वर करून हलवत होत्या, ते तिला बघवेना. थोडी दमट पानं चालतील म्हणून घातली. मग आणखी थोडी. धुळीपेक्षा ओल बरी, असं पुटपुटत तिनं भिजलेलीही घातली.

अळ्या आधी सुस्तावल्या, मग लिबलिबीत होऊन काळ्या पडल्या. शेडमध्ये असा वास सुटला की तो ओळखायला मावशीचं नाक लागत नव्हतं.

"मी म्हणत होते ना," ती नवऱ्याला म्हणाली, "मकाच."

नवऱ्यानं पानं पुसायचा फडका पिळला. त्यातून बरंच पाणी निघालं. 

मावशी तणतणत कुंपणापलीकडे गेली. चांगली खरडपट्टी काढायची म्हणून तोंड उघडलं आणि उघड्या दारातून तिला सासूची खाट दिसली. खाटेशेजारी कोष विणायची बांबूची चौकट उभी होती, आणि ती पांढऱ्या कोषांनी भरली होती.

"पानं कुठली घातलीस?"

"कुंपणाकडच्या तुतीचीच. दुसरी कुठे आहेत माझ्याकडे?"

"धुतलीस?"

"ओलं पान घालायचं नसतं ना, ताई." धाकटीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे शिकली तेच ती सांगत होती.

मावशीनं दाराची चौकट धरली. तरी डोळे आपलं काम करतच होते. कोष जरा लहान वाटत होते. मक्यामुळे? की लांबून बघितल्यामुळे? की ते लहान असावेत असं तिलाच वाटत होतं? एक हातात घेऊन, आतला किडा खुळखुळतो का ते कानाशी हलवून बघावं, म्हणून तिनं पाऊल आत टाकलं.

"तिथंच थांब," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या शेडमधला रोग हाताला लागून येईल. मागे राहिलेल्या काही अळ्या अजून विणतायत."

नियम मावशीचाच होता. तिनं पाऊल मागे घेतलं. मग तिनं आपले दोन्ही हात पुढे केले.

धाकटी उंबऱ्याशी आली. वाकून तिनं ते हुंगले. तिचे डोळे भरून आले होते.

"आज नको, ताई," ती म्हणाली.