कंपाउंडरसाहेबांची क्षमा

क्षमा करण्याच्या कामी आमच्या कंपाउंडरसाहेबांइतका नालायक माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. अलीकडे त्यांच्याविषयी दोन कथा बुऱ्हाणपुरात सांगितल्या जातात. मिशनकडची मंडळी सांगतात की प्रार्थनेच्या बळावर कंपाउंडरांचं हृदय एका क्षणात लोण्यासारखं वितळलं आणि ते व वकीलसाहेब गळ्यात गळा घालून रडले. वकिलांचे नातेवाईक सांगतात की कंपाउंडर रस्त्यावरच्या लोकांदेखत वकिलांच्या पाया पडला. या दोन्ही पक्षांतला एकही इसम वकिलांच्या ओसरीवर तेव्हा हजर नव्हता. ओसरीवर आम्ही तिघेच होतो. त्यांपैकी दोघे गेले, आणि तिसरा अजून शुद्धीवर असून त्याला खोटं खपत नाही.

मिशनच्या दवाखान्यात ते औषधं तयार करीत. आजोबांच्या वेळेपासून घराणं ख्रिस्ती. घरात मराठी बायबल आणि तोंडात दोन मराठी भाषा. शांत असले की ‘मी तुम्हांस सांगतो’ अशी छापील, आणि संतापले की ‘मले शिकवू नको बे’ अशी अस्सल इकडची. पहिली भाषा मी क्वचितच ऐकली. दुसऱ्याकडून काही करून घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. खाट सुंभाने स्वतःच विणत, त्यामुळे त्यांच्या घरी पाहुणा झोपला की मध्यभागी जमिनीला टेके. केस आरशात पाहून स्वतःच कापत. मिशनच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्यांच्या मागे बसणाऱ्यांना उपासनेवर लक्ष ठेवणं किती जड जात असेल, याची मी कल्पना करू शकतो. एकदा त्यांची अक्कलदाढ दुखू लागली तेव्हा दवाखान्यात डॉक्टर समोर बसलेले असताना यांनी ती स्वतः उपटली, आणि तीही शेजारची. ‘माणसाने नेट लावला तर काय होत नाही, मास्तर?’ असं त्यांनी मला सुजलेल्या गालाने विचारलं होतं. मी शाळामास्तर असल्याने मूर्ख प्रश्नांना उत्तर न देण्याची मला सवय आहे.

अशा माणसाला प्रांतरचनेच्या दिवसांत एका सभेत जाण्याची बुद्धी झाली. बुऱ्हाणपूर मराठी मुलखात जावं की मध्यप्रदेशात राहावं, यावर गावात तेव्हा फार घसे बसले. मराठी बाजूचे पुढारी आमचे वकीलसाहेब. ते रंगात आले असता कंपाउंडर बोलायला उठले. वकिलांना वाटलं, हा विरोध करणार. ते तिथूनच गरजले, “बसा हो कंपाउंडर! ज्यांच्या आजोबांनी धर्म बदलला, त्यांना प्रांताचं काय सोयरसुतक?” सभा खो खो हसली. कंपाउंडर खाली बसले. ते वकिलांना पाठिंबा द्यायला उठले होते, हे त्या सभेत फक्त मला ठाऊक होतं, कारण येताना वाटभर त्यांनी ते भाषण माझ्यावर आजमावलं होतं. भाषण भिकार होतं; पण मराठीच्या बाजूचं होतं. पुढे बुऱ्हाणपूर जिथल्या तिथे राहिलं, आणि मराठीसाठी प्राण देणारे वकील कचेरीत बिनदिक्कत हिंदी फाडू लागले. कंपाउंडर मात्र त्या सभेतच बसून राहिले.

यात त्यांची खरी अडचण वेगळी होती. ख्रिस्ती मंडळींत प्रभुभोजनाचा विधी असतो. पाळक भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा प्याला देतात. ज्याच्या मनात कोणाविषयी अढी आहे त्याने आधी जाऊन समेट करावा आणि मग यावं, असा त्यांचा दंडक. बाकीचे तो कितपत पाळत हे मी जाणतो, कारण त्यांतले निम्मे एकमेकांविषयी काय बोलत ते मी ऐकलं आहे. कंपाउंडर मात्र औषधाच्या मापाइतके काटेकोर. भोजनाची वेळ आली की भर उपासनेतून उठत आणि बाहेर निंबाखाली जाऊन बसत. बायको आत, हे बाहेर. अशी वर्षं गेली. मी एकदा म्हणालो, “भाकरीचा तुकडा तो काय! घरी खा.” ते चिडले नाहीत, यावरूनच प्रकरण गंभीर असल्याचं मी ओळखलं. म्हणाले, “मास्तर, भूक लागते हो. ती घरची भाकर नाही भागवत.”

मग त्यांनी क्षमेला नेट लावला. आधी रागावर स्वतःच एक मिक्श्चर बनवलं, बाटलीला रीतसर खाचांची कागदी पट्टी चिकटवली आणि जेवणानंतर एकेक खाच घेऊ लागले. त्याने झोप यायची. उठले की राग ताजातवाना. ती बाटली रिकामी झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. समेटाला साक्षीदार न्यावा असं त्यांच्या शास्त्रात आहे म्हणे. आम्ही वकिलांच्या ओसरीवर गेलो. कंपाउंडर ताठ उभे राहून म्हणाले, “वकीलसाहेब, मी तुम्हांस क्षमा केली आहे.”

वकिलांनी पानाचा विडा गालात सरकवला. “कशाबद्दल बुवा?”

“कशाबद्दल? त्या सभेत तुम्ही जे बोललात त्याबद्दल.”

“कोणती सभा? मी किती सभा केल्या भाई! काय बोललो?”

आता ते वाक्य कंपाउंडरांना स्वतःच्या तोंडाने उच्चारणं भाग होतं. अर्ध्यावर येईतो त्यांची भाषा बदलली. “विसरला? भरल्या सभेत माह्या आजाले बोलला अन् विसरला? थांब बे!” मी त्यांना कमरेला धरून रस्त्यावर आणलं. पुढच्या खेपेला ते उपास करून आणि केळ्यांची फणी घेऊन आले. वकील म्हणाले, “केळी जरा जास्तच पिकली की!” फणी आमच्याबरोबर परत आली, आणि वाटेत त्यांनी ती रागाने एकट्याने संपवली. साक्षीदाराला एक केळं द्यावं असं त्यांच्या शास्त्रात नसावं.

त्यानंतर एका शनिवारी ते माझ्याकडे आले ते पडेल चेहऱ्याने. “मास्तर, मी हरलो. आज देवासमोर साफ बोललो. म्हटलं, प्रभू, मले या माणसाला क्षमा करता येत नाही. खरं सांगू तर करायचीबी नाही. तुला पाहिजे असेल तर तू कर माझ्यातून. मी हात टेकले.”

“म्हणजे स्वतःला जमलं नाही ते देवाच्या गळ्यात घातलं,” मी म्हणालो.

“हो,” ते म्हणाले. “बिलकुल तसंच. चला.”

मी केवळ तमाशा पाहायला गेलो. वकील ओसरीवर पाय लांब करून बसले होते. मधुमेहाने पायाला जखम झालेली, त्यावर कसंतरी गुंडाळलेलं फडकं. कंपाउंडरांनी क्षमेचा शब्दही काढला नाही. त्या फडक्याकडे पाहून ते कडाडले, “कोणत्या गाढवाने बांधलं हे?”

“मीच बांधलं,” वकील म्हणाले.

“वाटलंच मले. पाय सडवायचा आहे का? गरम पाणी आणायला सांगा.” आणि ते खाली जमिनीवर बसले. पाय मांडीवर घेतला, शिव्या घालत जखम धुतली, आपला स्वच्छ पंचा फाडून पट्टी बांधू लागले. रस्त्यावरच्यांना दिसलं ते एवढंच, आणि त्यावरून ‘पाया पडला’ ही कथा निघाली. सोबत अक्कल नसली म्हणजे डोळे असूनही असंच होतं.

बांधता बांधता, मान वर न करता, ते म्हणाले, “त्या दिवशी मी तुमच्या बाजूने बोलायला उठलो होतो.”

वकिलांनी तोंडातला विडा काढून टाकला. मग म्हणाले, “सभा मला आठवते. पहिल्यापासून आठवते. मी बोललो ते नीच होतं.”

मी कंपाउंडरांच्या मानेकडे पाहत होतो; राग चढला की आधी ती लाल व्हायची. ती लाल झाली. हात थांबले. मी त्यांची कंबर धरायला पुढे सरसावलो. पण हात पुन्हा चालू झाले. “हं,” ते म्हणाले, “पाय हलवू नका.” गळ्यात गळा नाही, रडणं नाही. इतकंच घडलं, आणि याहून अधिक सांगणारा मनुष्य खोटारडा समजावा.

दुसऱ्या दिवशी मी मिशनच्या देवळापाशी गेलो. हा गृहस्थ ऐनवेळी पुन्हा उठून बाहेर येईल अशी माझी खात्री होती, आणि ते पाहण्याचा मला हक्क होता. दाराबाहेर वहाणा काढून मी उभा राहिलो. भोजनाची वेळ झाली. कंपाउंडर उठले आणि पुढे गेले. वकिलांवरचा राग पुरता गेला नसल्याचं त्यांनी मला सकाळीच बजावून सांगितलं होतं. “जितका गेला तितका माझ्याने नाही गेला,” एवढंच म्हणाले होते. वाकडेतिकडे कापलेले केस, खाली झुकलेली मान, आणि पुढे केलेली रिकामी ओंजळ. या माणसाने कोणापुढे हात पसरलेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. त्यात भाकरीचा एक तुकडा पडला, आणि तो त्यांनी असा जपून तोंडात घातला की मला नजर दुसरीकडे वळवावी लागली.

त्यांच्या देवाशी माझी ओळख नाही आणि या वयात ती करून घेण्याची हौसही नाही. आपलं काम आपण करावं, या मताचा मी तेव्हाही होतो आणि आजही आहे. एवढं मात्र लिहून ठेवतो की त्या सकाळी आत सगळी मंडळी गात होती, निंबाखालची जागा मोकळी होती, आणि मी बराच वेळ वहाणा न घालता तसाच उभा राहिलो.