पारड्यांची अदलाबदल

एसटी स्टँडवर एड्सच्या पाट्या नुकत्याच लागल्या होत्या, तेव्हा वडवणीत माझी रक्त तपासायची छोटी लॅब होती. बाजाराच्या दिवशी दुकानदारांचे तराजू दुरुस्त करणारा एक मिस्त्री तिथं यायचा. दर खेपेला वेगळं नाव लिहायला लावायचा, म्हणून इथंही त्याला नाव नाही.

परगावी एकदाच त्याचा पाय घसरला होता, तोही निरोध वापरून. तीन महिन्यांनंतरचा रिपोर्टसुद्धा चांगला आला, तरी त्याचं समाधान होईना.

"साहेब, तराजू एकदा बरोबर दाखवतो, तेवढ्यानं खरा ठरत न्हाई. पारड्यांची अदलाबदल करून बघावं लागतंय."

घरी कावीळ झाल्याचं सांगून त्यानं ताट-तांब्या वेगळा केला होता. सवयीनं ताटात जेवायला येणाऱ्या धाकट्या लेकीलाही उठवायचा. जेवणातून हा आजार लागत नाही, हे मी दहादा सांगितलं. तो शहाण्यासारखी मान डोलवायचा आणि पुन्हा सुईसाठी दंड पुढं करायचा.

चौथा रिपोर्टही स्वच्छ आला. त्यानं कागद वाचलाच नाही. दोन चहा मागवले, आपल्या कपातला एक घोट घेतला आणि आमचे कप बदलले. मग काट्याकडं बघावं तसा माझ्या तोंडाकडं बघत बसला.

मी त्याचा कप संपवला.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "आज लेकीला ताटात घेतो."